पाच जणांचं एक तिकीट

आमच्या साताऱ्याच्या काका-काकूंनी युरोप पाहिला तो टूर मॅनेजरने उंच धरलेल्या छत्रीच्या मागून. सकाळी उपमा, दुपारी पंजाबी हॉटेल, संध्याकाळी बसमध्ये भेंड्या आणि मधल्या वेळात आयफेल टॉवर. काकूला युरोपातलं शहर आठवतं ते तिथे काय खाल्लं त्यावरून. रोम म्हणजे कढी-खिचडी, ल्युसर्न म्हणजे बटाटेवडा. पॅरिसला वरणभात मिळाला, पण डाळ नीट शिजली नव्हती, म्हणून पॅरिसबद्दल तिचं मत आजही कलुषित आहे. आम्ही पाच जण आपलं आपण ठरवून बुडापेस्टला निघालोय, असं मी फोनवर सांगितलं तेव्हा तिने दोनच प्रश्न विचारले. "जेवणाचं काय गं?" आणि "पुढे छत्री घेऊन कोण?"

पहिल्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. दुसऱ्याला मी हसले.

जर्मनीत बव्हेरियाच्या पूर्वेला डेगेनडॉर्फ नावाचं गाव आहे. गाव लहान, कॉलेज मोठं, आणि कॉलेजात भारतीय इतके की बसमध्ये बसून मराठीत कुणाची निंदा करायची सोय नाही. मागच्या सीटवरून "बरोबर आहे तुझं" असा आवाज येतो. विद्यार्थी व्हिसा देताना जर्मन सरकार वर्षभराच्या खर्चाचे पैसे एका खात्यात आधीच कोंडून ठेवायला लावतं आणि मग महिन्याला ठरलेला हप्ता सोडतं. आमच्या वेळी तो ९३४ युरो होता. त्यातून खोलीचं भाडं, आरोग्य विमा आणि तांदूळ-डाळ गेली की जे उरतं त्याला आम्ही बचत म्हणतो, बाबा त्याला व्याज म्हणतात. एज्युकेशन लोनवर जामीन म्हणून त्यांची सही आहे. त्यामुळे दुकानात काहीही उचललं की आधी नव्वदने गुणायचं आणि मग खाली ठेवायचं, अशी हाताला सवय लागलेली. पण ट्रिपचं तसं नसतं. "एवढं युरोपात गेली आणि काहीच बघितलं नाही?" हे वाक्य चार पाहुणे म्हणतील, या भीतीने लोनचे जामीनदारसुद्धा नरमतात.

२०२४ साली १ नोव्हेंबर शुक्रवारी आला. हा सर्व संतांचा दिवस, बव्हेरियात सरकारी सुट्टी. त्याला शनिवार-रविवार जोडून. आमच्यातल्या जळगावकरणीने भिंतीवरचं कालनिर्णय बघून सांगितलं, की त्याच शुक्रवारी लक्ष्मीपूजन, शनिवारी पाडवा, रविवारी भाऊबीज. लक्ष्मीपूजन ३१ला की १ला यावर त्या वर्षी देशभर वाद चालला होता. आम्ही तो सुट्टी बघून मिटवला. आईला मात्र दिवाळीत घर सोडणं पटेना. मी म्हटलं, "अगं, घर कुठेय? बारा चौरस मीटरची खोली आहे." यावर ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "उटणं तरी घेऊन जा."

आता मंडळींची ओळख करून द्यायला हवी. डोंबिवलीकर हा आमचा नियोजनकर्ता. ज्याचं बालपण ७:४२ची फास्ट पकडणाऱ्या घरात गेलं, त्याच्या लेखी 'सकाळी आठच्या सुमारास' ही वेळच नव्हे. नागपूरकर सगळ्याला "चालते बे" म्हणायचा आणि काहीही वाचायचा नाही. कोल्हापूरकराला प्रेक्षणीय स्थळांपैकी फक्त खानावळी दिसत. जळगावकरीण शाकाहारी आणि खजिनदार. घरात तीन पिढ्यांचं किराणा दुकान, त्यामुळे हिशेबाच्या ॲपचं खातं तिच्याकडे देण्यावर मतदानसुद्धा झालं नाही. आणि मी. माझ्याकडे काही काम नव्हतं, म्हणून तर हे लिहिता आलं.

व्हॉट्सॲप ग्रुपचं पहिलं नाव होतं 'पॅरिस फायनल'. पॅरिसच्या बाजूने सज्जड मुद्दा होता: युरोपीय संघात राहणाऱ्यांना सव्विसाव्या वाढदिवसापर्यंत लूव्र फुकट. नागरिकत्व लागत नाही, राहण्याचा परवाना पुरतो. आमच्याकडे मुलगी सव्विसाची होत आली की नातेवाईक घड्याळाकडे बघायला लागतात. फ्रेंच सरकारही नेमकं तेच करतं, हे कळून मला आणि जळगावकरणीला जरा घरच्यासारखंच वाटलं.

पण स्वस्त विमानांच्या जगात शहराचं नाव म्हणजे नुसती दिशा असते. 'म्युनिक वेस्ट' म्हणून जो विमानतळ विकतात तो मेमिंगेनला आहे, म्युनिकपासून शंभरावर किलोमीटर. 'पॅरिस बोव्हे' हा पॅरिसपासून ऐंशीवर किलोमीटर. म्हणजे उद्या साताऱ्याला विमानतळ काढून त्याला 'पुणे दक्षिण' म्हणावं, तसंच. तिकीट २० युरोचं, पण दोन्ही टोकांच्या बस मिळून त्याहून जास्त. वर बॅग त्या वेळी ४० बाय २० बाय २५ सेंटिमीटरचीच चालायची. डोंबिवलीकराने सगळ्यांच्या सॅक लॅबमधल्या पट्टीने मोजल्या. कोल्हापूरकराची सॅक रिकामी असतानाच बसत नव्हती. ग्रुपचं नाव 'पॅरिस कॅन्सल' झालं. नंतर बराच काळ ते 'बघू' असं होतं.

बुडापेस्ट सुचलं ते नकाशावरून. डेगेनडॉर्फच्या कडेने डॅन्यूब वाहते. आम्ही रोज संध्याकाळी तिच्याकाठी बसून घरी फोन करतो. तीच पुढे पासाऊ, लिंझ, व्हिएन्ना करत सहाशेवर किलोमीटरनंतर बुडापेस्टच्या मधून जाते. डोंबिवलीकराने पाण्याकडे बोट करून सांगितलं, "हे सगळं बुडापेस्टला चाललंय. विदाउट तिकीट." आपल्याच दारातून रोज एवढं पाणी फुकट जातंय आणि आपण इथे बसलोय, हे कोल्हापूरकराच्या मनाला फार लागलं. नागपूरकराने बोटीची चौकशी केली. नदीवरच्या त्या पांढऱ्या क्रूझ बोटी पेन्शनरांसाठी असतात, आणि तेही जर्मन पेन्शनरांसाठी, हे कळल्यावर तो "चालते बे" म्हणाला आणि रात्रीच्या बसवर एकमत झालं.

रात्रीच्या बसमागे विद्यार्थिजगतातला एक अढळ सिद्धांत आहे: रात्री प्रवास केला की एका रात्रीचं हॉटेल वाचतं. तो मांडणाऱ्याने दुसऱ्या दिवसाचा विचार केलेला नसतो. बसमध्ये गुडघे पुढच्या सीटला, मान खिडकीला आणि कान मागच्या माणसाच्या घोरण्याला देऊन आठ-नऊ तास काढल्यावर सकाळी जे शहर दिसतं ते कुठलंही असू शकतं. पण सिद्धांत टिकून आहे, कारण वाचलेले २२ युरो फाइलीत दिसतात आणि मान दिसत नाही.

ती फाइल हे एक प्रकरणच होतं. एक्सेलची, सात पानांची. रकाने: ठिकाण, पोचणे, निघणे, तिकीट, पर्याय, फोटो, राखीव. 'फोटो'ला दर ठिकाणी सहा मिनिटं. 'राखीव'ला चार. मी विचारलं, हे राखीव कशासाठी? तर म्हणे, अनपेक्षित आनंदासाठी. जळगावकरणीने सगळ्या आकड्यांपुढे युरो, फोरिंट आणि रुपये असे तीन रकाने वाढवले. हंगेरीने युरो घेतलेला नाही. तेव्हा एका युरोला चारशेच्या आसपास फोरिंट मिळत. त्यामुळे तिथल्या किमती वाचताना आधी छाती दडपते, मग भागाकार करून माणूस सुखावतो, मग नव्वदने गुणून पुन्हा होता तिथे येतो. तिने एक कामाची गोष्ट शोधून काढली, ती इथे सांगून ठेवते: तिथलं एटीएम मोठ्या अदबीने विचारतं, रक्कम तुमच्या चलनात कापू का? नाही म्हणायचं. हो म्हटलं की यंत्र स्वतःचा दर लावतं.

हॉस्टेल निवडण्यात जितका वेळ गेला तितक्यात एखाद्याने प्रोजेक्ट सबमिट केला असता. किमतीची गाळणी लावली की वर बारा खाटांच्या खोल्या येतात. टॉवेल भाड्याने, कुलूप विकत. लोकांचे अभिप्राय वाचायची एक वेगळी विद्या आहे. 'वातावरण चैतन्यमय' म्हणजे खाली पहाटेपर्यंत बार. 'कर्मचारी निवांत' म्हणजे दार उघडायला कुणी नसतं. 'अस्सल जुनी इमारत' म्हणजे लिफ्ट नाही. आम्हाला परवडेल ते सगळं सातव्या जिल्ह्यात निघालं, जुन्या ज्यू वस्तीत. तिथे २००० सालानंतर पडक्या इमारतींच्या चौकांत मोडक्या खुर्च्या, जुने टब, रंगीत दिवे टाकून बार सुरू झाले आणि आता त्यांना बघायला जगभरातून लोक येतात. हे ऐकून मला साताऱ्याची आठवण झाली. पडक्या वाड्यांची आमच्याकडेही कमतरता नाही, पण सातबाऱ्यावर अठरा नावं आणि कोर्टात तीन दावे असल्यावर तिथे खुर्ची टाकणार कोण?

सगळं ठरत आलं असताना एका रात्री दीड वाजता डोंबिवलीकराचा ग्रुपवर मेसेज आला: 'सापडलं.' बुडापेस्टच्या मेट्रो-ट्राम-बससाठी ७२ तासांचा पास त्या वेळी माणशी ५५०० फोरिंटला होता. पण २४ तासांचं एक सामूहिक तिकीटही होतं, पाच जणांपर्यंत, ५००० फोरिंट. एकाला नव्हे, पाचांना मिळून. तीन दिवसांचे पंधरा हजार, भागिले पाच, म्हणजे माणशी तीन हजार. त्याने शेवटी लिहिलं होतं: 'अट एवढीच की पाचही जणांनी एकत्र प्रवास करायचा.' त्या 'एवढीच'वर कुणाचीही नजर थांबली नाही. चार अंगठे आले. नागपूरकराचा सकाळी आला.

गुरुवारी रात्री म्युनिकहून निघून शुक्रवारी पहाटे आम्ही बुडापेस्टच्या नेप्लिगेट बस स्थानकावर उतरलो. डोंबिवलीकराने जांभळ्या यंत्रातून ते तिकीट काढलं, दोन्ही हातांनी धरून सगळ्यांना दाखवलं आणि पासपोर्टच्या कव्हरात घातलं. मेट्रोच्या सरकत्या जिन्यापाशी दंडावर पट्टी बांधलेली तपासनीस बाई उभी होती. तिने तिकीट बघितलं, मग आमच्याकडे बोट करत एक, दोन, तीन, चार, पाच मोजलं. आणि काकूचा दुसरा प्रश्न सुटला. छत्री डोंबिवलीकराच्या खिशात होती.

फाइलीप्रमाणे ९:४० ते १०:३५ 'मोठी मंडई'. ही १८९७ साली बांधलेली, रंगीत कौलांची, स्टेशनाएवढी भव्य मंडई आहे. आम्ही ९:३८ला पोचलो. दाराला कुलूप. शेजारचं दुकान बंद, त्याच्या शेजारचं बंद, पूर्ण रस्ता बंद. सर्व संत फक्त बव्हेरियाचे आहेत, असं फाइलीने गृहीत धरलं होतं. ते हंगेरीतही तितकेच पूज्य निघाले आणि तिथेही सार्वजनिक सुट्टी. डोंबिवलीकर फाइल उघडून 'पर्याय' रकाना बघत राहिला. पर्यायात लिहिलं होतं: 'मंडईसमोरचं सुपरमार्केट.'

आता या क्षणी कुठलाही सुज्ञ समूह पांगला असता. नागपूरकराला झोप हवी होती, पण हॉस्टेलची खोली दुपारी मिळणार. कोल्हापूरकराला रस्सा हवा होता. जळगावकरणीला संध्याकाळच्या पूजेसाठी फुलं हवी होती. मला नदीकाठी एकटीने बसायचं होतं. पण ट्राममध्ये चढायचं तर पाचही जणांनी आणि उतरायचं तरी पाचही जणांनी. सुटं तिकीट ४५० फोरिंटला मिळत होतं, म्हणजे एक युरो आणि वर चिल्लर. ते काढायचं कुणाच्याही मनात आलं नाही असं नाही. पण ते काढलं की सामूहिक तिकीट घेऊन मिळवलेला सगळा मोठेपणा वाया जाणार होता. मग रश्शासाठी मतदान, फुलांसाठी मतदान, स्वच्छतागृहासाठी मतदान. स्वच्छतागृहाच्या बाजूने एकदा दोन विरुद्ध तीन झाले आणि तो ठराव फेटाळला गेला. त्या दोघांतली एक मी.

रश्शाचं सांगायला हवं. कोल्हापूरकराने बुडापेस्टला होकार दिला तो गुलाशचे फोटो बघून. लालभडक, वर तर्री, आत मटणासारखे तुकडे. हंगेरीत गुलाश हे सूप असतं, दाट रश्शाच्या पदार्थाला वेगळं नाव आहे, आणि त्यातली लाली पाप्रिकाची. पाप्रिका बहुतेक गोडी असते. त्याने डोळे मिटून पहिला चमचा घेतला, बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, "रंग हाय, झणका न्हाई." वेटरला त्याच्या चेहऱ्यावरून भाषा न कळता सगळं कळलं असावं. त्याने एक बरणी आणून ठेवली. एरोश पिश्ता नावाचं लाल मिरचीचं वाटण. तिथले लोक ते सुरीच्या टोकाने घेतात. कोल्हापूरकराने चमच्याने घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं, कपाळाला घाम आला, आणि त्या शहराबद्दल त्याचं मत कायमचं चांगलं झालं. परत येताना त्याच्या सॅकमध्ये बाकी काही नव्हतं, चार बरण्या होत्या. जळगावकरणीने तीन दिवस तळलेलं चीज आणि लांगोश खाल्लं. लांगोश म्हणजे तळलेली जाड पुरी, वर आंबट साय, लसूण आणि किसलेलं चीज. पहिल्या दिवशी तिला ते अतिशय आवडलं.

दुपारनंतर फुलं शोधायला निघालो. सगळं बंद असताना फुलवाले मात्र जागोजाग बसलेले, आणि त्यांच्याकडे फक्त एकच फूल: शेवंती. पांढरी, पिवळी, बादल्या भरभरून. जळगावकरणीला भरून आलं. "बघा, लक्ष्मीला शेवंतीच लागते." तिने दोन जुड्या घेतल्या आणि काचेच्या पेल्यातल्या चार मेणबत्त्याही. समोरच्या मोठ्या फाटकातून लोक तशाच जुड्या नि तशाच मेणबत्त्या घेऊन आत चालले होते. आम्हीही पाच पावलं आत गेलो आणि तिथेच थांबलो. ती दफनभूमी होती. १ नोव्हेंबरला हंगेरीत घरोघरची माणसं आपल्या गेलेल्यांच्या थडग्यावर शेवंती ठेवतात आणि दिवा लावतात. संध्याकाळी ती सगळी जागा दिव्यांनी भरून जाते. हॉस्टेलवर परतलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आमचे पाच दमलेले चेहरे बघितले, हातातली फुलं बघितली, आणि उभं राहून हलक्या आवाजात विचारलं, "तुमचं कोणी जवळचं होतं का?" नागपूरकर म्हणाला, "लक्ष्मी." त्या मुलाने छातीवर हात ठेवला. त्यानंतर तीन दिवस आम्हाला टॉवेलचं भाडं लागलं नाही.

पूजा खोलीतच केली. धुराची घंटी वाजेल म्हणून मेणबत्त्या न लावता मोबाइलचे टॉर्च लावले. वहीपूजनाला वही नव्हती. जळगावकरणीने हिशेबाचं ॲप उघडून फोन मध्ये ठेवला, शेजारी डोंबिवलीकराने लॅपटॉपवर ती फाइल उघडून ठेवली, आणि दोन्हींवर शेवंतीच्या पाकळ्या वाहिल्या. त्या खोलीत आमच्याशिवाय सात माणसं होती. त्यातला एक स्पॅनिश मुलगा हात जोडून उभा राहिला आणि चकली मिळेपर्यंत तसाच राहिला.

पाडव्याला अभ्यंगस्नान सेचेनीत. बुडापेस्टच्या जमिनीखाली गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्यांवर एकाहून एक शाही स्नानगृहं. त्यातलं हे सर्वांत प्रसिद्ध, १९१३ सालचं. पिवळ्या राजवाड्याच्या मधोमध उघड्यावर वाफाळते हौद. त्याच वर्षी याच शहरात चित्रकार अमृता शेरगिल जन्मली, आई हंगेरियन आणि वडील शीख. हे कोल्हापूरकराला माहीत होतं, बाकी कुणाला नव्हतं. तो घरी चित्रकारांत वाढलेला. सेचेनीला जायला जी पिवळी मेट्रो आहे ती १८९६ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वांत जुनी. रस्त्याखाली इतकी वर की जिना उतरायला लागावं तोवर फलाट येतो.

शनिवार-रविवारी स्नानाचा दर जास्त असतो. तो एका माणसाला इतका होता, की त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत आम्ही पाच जण दिवसभर अख्खं शहर फिरत होतो. मी हे आईला फोनवर सांगितलं. "आंघोळीला?" ती म्हणाली. मग जरा वेळाने, "साबण तरी देतात का?" साबणही नाही, टॉवेलही नाही, स्लिपर आपल्या. शॉवरखाली मी आणि जळगावकरणीने उटणं लावून घेतलं. शेजारच्या आजी बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांनी हात पुढे केला. त्यांनाही लावलं. बाहेर हौदात ३८ अंशांपर्यंत गरम पाणी, अंगावर नोव्हेंबरची थंडी, आणि गळ्यापर्यंत बुडालेले म्हातारे पाण्यातच पट मांडून बुद्धिबळ खेळत होते. नियोजनात तिथे दीड तास होता. दीड तासाने डोंबिवलीकराला कुणी बोलवायला गेलं, तेव्हा तो एका म्हाताऱ्याच्या मागे उभा राहून घोडा कुठे टाकावा ते खुणेने सांगत होता. पुढच्या चार ओळी त्याने स्वतःच खोडल्या.

पार्लमेंट त्यांतच गेलं. खरं तर ते बाहेरूनच बघायचं ठरलं होतं, कारण आतलं तिकीट युरोपीय नागरिकांना एक आणि बाकीच्यांना सुमारे दुप्पट. त्याचा घुमट ९६ मीटर उंच आहे, कारण हंगेरियन लोक ८९६ साली त्या भूमीवर आले असं ते मानतात. गावातल्या मोठ्या चर्चचा घुमटही बरोबर ९६ मीटर. कुणी कुणाहून उंच नाही, म्हणजे मानपानाचा प्रश्न मिटला.

खरी गडबड त्या रात्री झाली. सहा नंबरच्या ट्राममधून आम्ही हॉस्टेलकडे येत होतो. आमचा थांबा आला, उतरलो, दारं बंद झाली, ट्राम निघाली, आणि जळगावकरणीने सवयीने मोजलं: चार. खिडकीत नागपूरकराचं डोकं काचेला टेकलेलं आणि तोंड उघडं. डोंबिवलीकर पळाला, ओरडला, मग थांबला. त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "अरे, त्याच्याकडे तिकीट नाहीये!" फोन केला, तर तो कोल्हापूरकराच्या खिशात वाजला, चार्जिंगला दिलेला. तपासनीस चढले तर? पासपोर्ट कुठेय? तोही आमच्याकडे. आम्ही थांब्यावरच बसून राहिलो. ती ट्राम रात्रभर चालते, एवढाच आधार. जळगावकरीण दंड ॲपमध्ये पाचांत वाटायचा की एकट्याच्या नावावर टाकायचा याचा विचार करत होती, मोठ्याने.

तास उलटून गेल्यावर नागपूरकर ट्राममधून उतरला. ताजातवाना. "कोणी विचारलंच नाही बे," म्हणाला. एका टोकाला ड्रायव्हरने उठवलं, तर हा पुन्हा चढून बसला आणि दुसऱ्या टोकाला गेला. ती ट्राम शहराच्या दोन्ही अंगांनी डॅन्यूब ओलांडते. हा जागेपणी दोन्ही पुलांवरून गेला होता. "मार्गारेट पुलावरून ते पार्लमेंट पाह्यलं ना, पूर्ण पिवळं, लाइटात. काय सांगू तुम्हाला." आम्ही फक्त ट्रामचा थांबा पाहिला होता. डोंबिवलीकराने काही न बोलता फाइल बंद केली. मला वाटतं, त्याला राग आला होता तो पुलाचा.

रविवारी बुडाच्या टेकड्यांतली मुलांची रेल्वे. ही मला त्या शहरातली सर्वांत आवडती गोष्ट, आणि ती शोधली होती नागपूरकराने, चुकून. १९४८पासून चालणारी, अकरा किलोमीटरची छोटी रेल्वे. इंजिन चालवायला मोठी माणसं, बाकी बहुतेक सगळं दहा ते चौदा वर्षांची मुलं करतात: तिकीट विकणं, तपासणं, सिग्नल, गाडी सुटताना सॅल्यूट. शाळेत चांगले मार्क असले तरच तिथे घेतात. आमचं सामूहिक तिकीट तिथे चालत नव्हतं. वेगळी काढावी लागली. पाच जणांच्या हातात पाच तिकिटं! डोंबिवलीकरसुद्धा लगेच लांबच्या डब्यात जाऊन बसला. निळ्या गणवेशातला दहाएक वर्षांचा तपासनीस आला, नागपूरकराला खांद्याला हलवून उठवलं, त्याचं तिकीट उलटसुलट बघितलं, पंच केलं, आणि अशा नजरेने बघून गेला की हा मनुष्य आयुष्यात प्रथमच सॉरी म्हणाला.

शेवटच्या स्टेशनवर भाऊबीज उरकली. ताम्हण म्हणून चिवड्याच्या डब्याचं झाकण. तिघा भावांनी आम्हा दोघींना एकेक हजार फोरिंट घातले. संध्याकाळी ॲपवर नोंद दिसली: 'भाऊबीज, पाचांत समान.' डोंबिवलीकराने टाकली होती. जळगावकरणीने ती तीन वेळा पुसली.

परतीच्या बसमध्ये ऑस्ट्रियातून जर्मनीत शिरताना पोलीस चढतात. पासपोर्ट आणि राहण्याचं कार्ड दोन्ही हाताशी ठेवावं. माझ्या सॅकमधून एका पोलिसाने प्लास्टिकच्या पुडीतली तपकिरी पूड काढली. पहाटेचे तीन, पूर्ण बस जागी, आणि उटण्याला जर्मनमध्ये काय म्हणतात ते दोन सेमिस्टरच्या भाषावर्गात आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी गालाला चोळून दाखवलं. त्याने वास घेतला, पुन्हा घेतला, सहकाऱ्याला दिला. त्याने विचारलं, कुठे मिळतं? मी म्हटलं, सातारा. त्याने लिहून घेतलं नाही, पण पुडी नीट घडी घालून परत दिली.

तेव्हा तुम्हीही पाच जण जाणार असाल आणि तुमच्यातला कुणी रात्री दीडला 'सापडलं' म्हणून मेसेज करेल, तर त्याचं कौतुक करा आणि ७२ तासांचा पास घ्या, प्रत्येकाने आपापला. आमच्या वेळच्या दरांनी फरक माणशी अडीच हजार फोरिंटचा होता, म्हणजे सहा युरो. तेवढ्यात मतदान न घेता स्वच्छतागृहात जाता येतं आणि झोपायचं असेल तर ट्रामच्या दोन्ही टोकांपर्यंत बिनधास्त झोपता येतं. द्या ते सहा युरो.